करीम गाइडचं कार्ताहेनातलं मौन

माणसानं आयुष्यात एकदा तरी परक्या समुद्राकाठच्या पुरातन दगडांपुढं उभं राहावं. तिथंच त्याच्या ज्ञानाचा अहंकार गळून पडतो आणि तो खऱ्या अर्थानं शिष्य होतो.

हे वाक्य करीम शेखचं. गारखेड्याच्या चौकात चहा पिताना त्यानं ते मला ऐकवलं, तेव्हा मी अदबीनं मान हलवली. लगेच पुढच्या वाक्यात त्यानं चहावाल्याला, तो ज्या भिंतीला टेकून उभा होता ती भिंत कोणत्या सालची, तिच्यातला चुना कुठला, हे सांगितलं. चहावाल्यानं विचारलं नव्हतं.

करीम वेरूळचा गाइड. सरकारी परवाना, खिशाला बिल्ला, एकतीस वर्षांचा अनुभव, आणि भाषा स्पॅनिश. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि त्याच्याच गल्लीत राहतो. दोघांचंही पोट मेलेल्या राजांवर चालतं. फरक एवढाच, की त्याच्याकडं लोक आपणहून येतात आणि माझ्याकडं हजेरीसाठी.

एकतीस वर्षं लोकांना दाखवून दाखवून करीमची बघण्याची नसच आखडली होती. गोवळकोंड्याला तो बायकोला घेऊन गेला आणि तिथल्या गाइडशी एका दरवाज्याच्या उंचीवरून भांडून आला. आफरीनच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या लग्नात नवरदेवाकडची मंडळी जेवायला बसली, तर ह्यानं त्यांना शादीखान्याच्या खांबांची माहिती दिली. खांब सिमेंटचे होते. तरी पंधरा मिनिटं दिली.

"मास्तर," तो मला म्हणायचा, "एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मला दाखवावं. मी नुसतं बघावं. मागं उभं राहून, येड्यासारखं, सगळं खरं मानून. टुरिस्ट लोक किती सुखी दिसतात रे! त्यांना काहीच माहीत नसतं."

हे भाग्य त्याला देऊ करणारी एकच व्यक्ती जगात होती, ती म्हणजे कारिदाद. ही बाई स्पेनमधल्या कार्ताहेना नावाच्या बंदराच्या गावची. तिथं तिचं औषधांचं दुकान होतं. वीस वर्षांपूर्वी ती भर मे महिन्यात वेरूळला आली आणि कैलास लेण्याच्या अंगणात चक्कर येऊन पडली. करीमनं तिला सावलीत नेलं, लिंबाचं सरबत पाजलं आणि ती शुद्धीवर आल्या आल्या राहिलेली माहिती पूर्ण केली. जाताना ती म्हणाली, "आता तू माझ्या गावाला ये. मी दाखवीन. तू एक शब्दही बोलायचा नाहीस." तेव्हापासून दर नाताळाला तिचं एक कार्ड यायचं. कार्डावर तेच बंदर असे, फक्त बोटी बदललेल्या.

यंदा करीमच्या पोरानं, दोह्याला असणाऱ्या मुनीबनं, आईबापाची तिकिटं काढली. माझं तिकीट मी काढलं, पण बोलावणं जहांआराभाभींचं होतं. त्या म्हणाल्या, "अतुलभाऊ, तुम्ही चलाच. ह्यांना ऐकणारं माणूस लागतं. मी एकटी पुरायची नाय."

भाभी मूळच्या करमाडच्या. वय बावन्न, आणि समुद्र पाहिलेला नाही. मुंबईला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा दवाखान्यात. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून अट घातली.

"तिथं कारिदादबाई दाखवणार, हे बघणार. ती काय म्हणती ते आम्हाला समजावून सांगायला ह्यांनी तोंड उघडलं तर चालंल. पण तिनं सांगितलं तेवढंच. अर्थ चालंल, भर चालणार नाय. जिथं ह्यांनी पदरची भर टाकली, तिथनं उठून सरळ समुद्रावर जायचं. मग तुमचे दगड राहिले तर राहिले."

"मंजूर," करीमनं छातीवर हात ठेवला. "मला फक्त ते रोमन थिएटर बघू दे. दोन हजार वर्षांचं आहे, जहांआरा. सगळं मी वाचून ठेवलंय. आणि ते सगळं विसरून मी नुसतं बघणार. तोंड उघडं टाकून."

"उघडं नक्को. मिटून."

टुरिस्ट कसा दिसतो हे करीमइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक असणार? चिकलठाण्याच्या विमानतळावर तो आला तो डोक्यावर रुंद काठाची टोपी, कमरेला पाण्याची बाटली, गळ्यात मुनीबचा जुना कॅमेरा आणि नाकाच्या शेंड्यावर उन्हाचं पांढरं क्रीम लावून. वेळ पहाटेची होती. पुढं मुंबईला माझ्या आणि त्याच्या पासपोर्टवर शहराची नावं वेगवेगळी निघाली, कारण माझा नवा आणि त्याचा जुना. काउंटरवरच्या पोरीला आम्ही दोन निरनिराळ्या गावचे वाटलो. खरं तर आमच्या घरांच्या मधे एक लाँड्री आहे.

दोहा, माद्रिद आणि मग चार-पाच तास रेल्वे. शेवटचा तासभर करीम खिडकीला नाक लावून होता, काचेवर क्रीमचा ठिपका उमटला. आणि मग आम्ही स्टेशनातून बाहेर पडून उताराच्या रस्त्यानं खाली चालत गेलो, एक कोपरा वळलो, आणि समोर एकदम भूमध्य समुद्र! दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर किल्ले, मधे घोड्याच्या नालासारखं बंदर. एका कडेला आरमाराच्या राखाडी बोटी आणि दुसऱ्या कडेला एक पांढरीशुभ्र पर्यटकांची बोट. तिचे मजले मी मोजले, अकरापर्यंत आलो आणि मान दुखली. मी हा समुद्र पंचवीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत आलो होतो. हॅनिबल इथूनच हत्ती घेऊन रोमवर निघाला, हे मी दरसाल सांगतो आणि दरसाल शेवटच्या बाकावरून कुणीतरी हत्तीचा आवाज काढतं. तो समुद्र आता खरोखर निळा होता आणि हलत होता. माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं. इतिहासाच्या प्राध्यापकाला शोभेल असं काही त्या वेळी सुचलं नाही.

भाभींनी बॅग खाली ठेवली. "हौ," त्या हळूच म्हणाल्या. "लई आहे."

करीम बोलला नाही. कमरेची बाटली त्यानं तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत काढली नाही.

अडचण दुसऱ्याच ठिकाणी आली. हॉटेल सापडेना, आणि करीमला रस्ता विचारता येईना. स्पॅनिश तो पाण्यासारखी बोलतो, मी स्वतः ऐकलंय. पण एकतीस वर्षांत त्याला त्या भाषेत प्रश्न कधी विचारावाच लागला नव्हता. त्याच्याकडं होती ती सगळी उत्तरं. तो चौकात एका पोलिसासमोर जाऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि अत्यंत शुद्ध स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. पोलिसानं थोडा विचार करून "नो" म्हटलं.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"आपलं स्वागत आहे, आपल्याला काही शंका असल्यास विचारा."

"मग?"

"त्याला शंका नाही."

भाभी इतक्या हसल्या की पोलीसच जवळ आला. त्यानं विचारलं, तुम्हाला कुठं जायचंय? आता प्रश्न त्याच्याकडून आला होता. करीमचा चेहरा उजळला, आणि त्यानं हॉटेलचं नाव, पत्ता, आम्ही तिघं कुठून आलो, तिथली लोकसंख्या, हे सगळं एका दमात सांगितलं.

कारिदाद दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात हजर. वय चौऱ्याहत्तर, अंगानं काटकुळी, पायात लाल बूट. तिनं भाभींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मग करीमचेही घेतले. तो कोरीव खांबासारखा उभा राहिला. भाभींनी ते तिथली चालरीत म्हणून मंजूर केलं.

आणि मग बाई दाखवायला लागल्या. ही पांढरी इमारत, इथं माझा दातांचा डॉक्टर राहायचा, हात जड होता. हा चौक, इथं माझ्या बहिणीची सोयरीक मोडली. ती बाल्कनी दिसते ना, त्यांच्याकडं कुत्रं होतं. करीम इमानदारीनं एकेक वाक्य मराठीत आणत होता. इमारत कोणत्या शैलीची, बांधली कुणी, ह्याबद्दल बाई चकार शब्द काढत नव्हत्या आणि करीमच्या कपाळाची शीर तटतटून आली होती.

"कुत्रं होतं," तो म्हणाला. मग दात आवळून, "एवढंच म्हणाली."

"शाब्बास," भाभी म्हणाल्या.

दुपारी गावामधल्या टेकडीवरच्या किल्ल्यात गेलो. वर जायला उंच लिफ्ट आहे. लिफ्टमधून बाहेर पडताना करीमनं सवयीनं आमची डोकी मोजली. भाभींनी बोट उगारलं. करीमचं म्हणणं, मोजणं म्हणजे माहिती नव्हे. तंटा माझ्याकडं आला. मी संशयाचा फायदा आरोपीला दिला. वरून सगळं बंदर ताटात वाढल्यासारखं दिसत होतं, वारा असा की करीमची टोपी उडाली आणि एका मोराजवळ जाऊन पडली. होय, मोर. त्या किल्ल्याच्या बागेत मोर मोकळे फिरतात, आणि जगभरातून आलेली माणसं त्यांचे फोटो काढत असतात.

"एवढ्या लांब येऊन मोर?" भाभी म्हणाल्या. "करमाडच्या शिवारात हाकलायला माणूस ठेवावा लागतो." पण फोटो त्यांनीही काढून घेतला.

खाली आल्यावर कारिदादनं आम्हाला तिथली खासियत पाजली. लहान ग्लासात थराथरांची कॉफी. नाव 'आसियातिको', म्हणजे आशियाई. ह्या मुलखात आपल्या नावाची कॉफी आहे म्हणून आम्ही तिघंही फुलून आलो. करीम भाषांतर करत होता: "खाली गोड आटवलेलं दूध, वर कॉफी, दालचिनी, आणि..." इथं तो थांबला, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "आणि ब्रँडी." नवराबायकोचे ग्लास माझ्यापुढं सरकले. मैत्रीखातर मी तिन्ही संपवले. त्या संध्याकाळचं बंदराचं सौंदर्य मी जन्मात विसरणार नाही, मात्र त्याबद्दल माझी साक्ष ग्राह्य धरू नये.

तिसरा दिवस रोमन थिएटरचा. करीम रात्रभर झोपला नव्हता. सकाळी कपडे इस्त्रीचे, नाकावर ताजं क्रीम. दारात तिकिटं काढून देताना कारिदाद सहज म्हणाली की ती स्वतःही आज पहिल्यांदाच आत येतेय.

करीमनं हे मराठीत आणलं आणि त्याचा आवाज चिरकला.

"त्यात काय नवल," मी म्हणालो. "आपल्या गल्लीतल्या किती जणांनी वेरूळ बघितलंय?"

थिएटरात जायचं ते संग्रहालयातून. पुढं एक बोगद्यासारखी वाट लागते, आणि ती संपते तिथं एकदम आकाश उघडतं. समोर अर्धचंद्रासारख्या दगडी पायऱ्या, खाली खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी रंगमंचाचे गुलाबी खांब. सकाळचं ऊन नेमकं त्या खांबांवर होतं. माझ्या अंगावर काटा आला. भाभींनी "या अल्ला" म्हटलं. करीमनं टोपी काढून छातीशी धरली.

"दाखवा," तो कारिदादला म्हणाला. आयुष्यातली त्याची पहिली स्पॅनिश विनंती.

बाईंनी हात लांब केला. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत इथं घरं होती. हे सगळं त्यांच्या खाली दबलेलं, कुणाला पत्ता नव्हता. तिथं, खांबाच्या डावीकडं, माझ्या मावशीचं स्वयंपाकघर होतं. मावशी भात चांगला करायची. हा जिना आहे ना, इथं आम्ही लपाछपी खेळायचो, म्हणजे ह्याच्या वर दोन पुरुष उंचीवर. एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि पंख्यानं वारा घेऊ लागल्या. त्यांचं दाखवून झालं होतं.

करीम वाट बघत राहिला. साल नाही. राजा नाही. आसनसंख्या नाही. त्यानं सगळं पाठ करून, मग प्रयत्नानं बाजूला ठेवलं होतं ते कुणीतरी आपल्याला द्यावं म्हणून. आणि मिळाला मावशीचा भात. तरी तो गप्प राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घात केला तो त्याच्या पायांनी. एकतीस वर्षं करीम एकाच पद्धतीनं उभा राहत आलाय: पाठ वास्तूकडं, तोंड माणसांकडं, उन्हाची तिरीप लोकांच्या डोळ्यांत जाणार नाही अशा बेतानं. बाईंचं संपल्यावर बिचारा जरा मोकळा श्वास घ्यायला वळला आणि नकळत तसाच उभा राहिला. त्याच वेळी त्या अकरामजली बोटीतून उतरलेली वीस-पंचवीस माणसं वाटेतून बाहेर आली. अर्जेंटिनाची होती. त्यांचा गाइड कुठं मागं राहिला होता. त्यांना समोर टोपी हातात घेतलेला, शांत, अनुभवी चेहऱ्याचा माणूस दिसला. ते त्याच्यापुढं अर्धवर्तुळात उभे राहिले.

एका आजोबांनी विचारलं, "हे कसं बांधलं?"

मी भाभींकडं बघितलं. भाभी करीमकडं बघत होत्या. करीमनं एकदा आभाळाकडं बघितलं.

आणि तो सुटला.

काय आवाज लागला होता! पायऱ्यापायऱ्यांवरून घुमत होता. त्या थिएटरात दोन हजार वर्षांपूर्वी तरी असं कुणी बोललं असेल का, शंका आहे. पोरं गप्प झाली, एका बाईनं डोळ्यांवरचा गॉगल काढला. मला शब्द कळत नव्हते, पण हात ओळखीचे होते. उजवा हात वरून खाली, वरून खाली, छिन्नी मारल्यासारखा. मग दोन्ही हात पसरून एक प्रचंड वजन. मग एक बोट. मला घाम फुटला.

"करीम," मी कुजबुजलो, "काय सांगतोयस तू?"

त्यानं माझ्याकडं न बघता, त्याच लयीत, मधेच मराठीत सांगितलं, "थांबता येईना रे. स्पॅनिशमध्ये मला एवढंच पाठ आहे."

तो कैलास लेणं सांगत होता. एकाच अखंड खडकातून, कळसापासून पायापर्यंत, वरून खाली कोरलेलं. दोन लाख टन दगड बाहेर काढला. कित्येक पिढ्या खपल्या. अर्जेंटिनाची माणसं माना वर करून कळस शोधत होती. मग करीमनं सांगितलं, की ही सगळी वास्तू हत्तींच्या पाठीवर तोललेली आहे. पोरं वाकून हत्ती शोधायला लागली. तेवढ्यात त्या आजोबांनी कपाळावर हात मारला. "हॅनिबल!" ते ओरडले. "हॅनिबलचे हत्ती!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खुलासा झाला होता. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती पायरीवर बसलेली कारिदाद. वीस वर्षांपूर्वी चक्कर आल्यामुळं तिनं हे अर्धं ग्लानीतच ऐकलं होतं.

टाळ्यांमुळं रखवालदार आला. तरुण पोरगा, फार सभ्य. त्यानं विचारलं, परवाना? करीमनं झटकन शर्टाच्या आतल्या खिशातून बिल्ला काढून दिला. पोरानं तो दोन्ही बाजूंनी वाचला, वरचा सिंहांचा छाप नीट पाहिला, आदरानं परत केला आणि दाराकडं हात केला. इथं ह्या परवान्यावर माहिती सांगता येत नाही म्हणाला. करीमनं वाद घातला नाही. बाहेर येऊन तो कठड्यावर बसला. नाकावरचं क्रीम घामानं मिशीत उतरलं होतं.

"गेलं," तो म्हणाला. "एवढं सात समुद्र ओलांडून आलो, आणि कुणी मला काय दाखवायच्या आत मीच..." त्यानं टोपी मांडीवर आपटली. "मला नाहीच जमणार मास्तर. मी टुरिस्टच्या लायकीचा नाही."

"उठा," भाभी म्हणाल्या. "बोली म्हंजे बोली. समुद्रावर."

कारिदादनं टॅक्सी केली. डोंगराला एक बोगदा पाडलाय, तो ओलांडला की दहा मिनिटांत 'काला कोर्तिना' नावाची लहानशी चौपाटी. दोन टेकड्यांच्या कुशीत वाळू, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. पोरंटोरं किंचाळत होती, म्हाताऱ्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या, आणि वाऱ्याला तळलेल्या माशांचा वास. मी बूट हातात घेऊन धावलो. मी शेवटचा केव्हा धावलो होतो ते आठवत नाही. कारिदाद लाल बुटांसकट पाण्यात शिरली.

करीम वाळूच्या कडेला उभा राहिला. समुद्राबद्दल त्यानं काही वाचून ठेवलं नव्हतं. त्याला साल नव्हतं, राजा नव्हता, आणि करीमपाशी सांगायला एक अक्षर नव्हतं. तो दोन्ही हात खाली सोडून, तोंड उघडं टाकून, नुसता बघत होता. पाठ गावाकडं होती.

भाभींनी सलवार पिंढरीपर्यंत दुमडली, चपला पिशवीत टाकल्या, आणि सरळ आत गेल्या. एक लाट आली, त्या किंचाळल्या, दुसरी आली, त्या हसत सुटल्या. मग त्या वळल्या, नवऱ्याच्या टोपीकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि हात लांब करून ओरडल्या,

"आफरीन के अब्बा! इधर आओ. मैं दिखाती."

करीम बुटांसकटच निघाला. भाभींनी त्याला थांबवून बूट काढायला लावले, मनगट धरलं आणि गुडघाभर पाण्यात नेऊन उभं केलं. मग त्याच्यापुढं, समुद्राकडं पाठ करून, त्या उभ्या राहिल्या.

"ये समुंदर," त्या म्हणाल्या. "खाली गोटे आहेत, पाय जपून. लाट मागनं येते. ती आली की उडी मारायची."

"अच्छा," करीम म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. "आणि?"

भाभींनी विचार केला. मग वाकून ओंजळ भरली, थोडं पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारं हाय."

"आणखी?"

"बास. इतनाच."

करीमनं बोट बुडवून चाखलं. खारंच होतं.